शेवया-बुर्गीची चटई

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर फक्त एक टेबल आहे. टेबलावर संगणकाचे दोन पडदे, एक भिंग, लिंबाच्या गोळ्यांचा पत्र्याचा डबा. भिंतीवर टाचणीने टोचलेला, तळहाताएवढा, कडा झिजलेला चटईचा तुकडा. डावीकडे खिडकी, खिडकीत ऱ्हाइन नदीचा बांध आणि बांधावर कुत्र्यामागून ओढला जाणारा कुणी म्हातारा. जमीन बारीक थरथरते आहे, कारण खालच्या मजल्यावर भरतकामाची यंत्रं चालू आहेत. उजव्या विंगेतून एक ठेंगणी बाई येते. चष्मा कपाळावर, अंगात स्वतः विणलेला राखाडी स्वेटर. ती बसते, स्वेटरच्या बाहीने पडदा पुसते आणि म्हणते, "चला बाळांनो, आज कुठे रुसलात?"

ही बुर्गी आल्गे. समोर कुणी नाही. ती टाक्यांशी बोलते आहे.

मी आयुष्यभर मोठ्या आवाजाच्या माणसांत वावरले. राण्या केल्या, मोलकरणी केल्या, एका नाताळात तर घोड्याचा मागचा अर्धा भागसुद्धा केला. पायांनी दगा दिला तेव्हा आपल्या गावी, लुस्टेनाउला परत आले आणि इथल्या हौशी नाटक मंडळीत शिरले. तिथे खुर्चीत अंग चोरून, मांडीवर संहिता घेऊन बुर्गी बसलेली असायची. प्रॉम्प्टर. तिचं कुजबुजणं असं, की नटाला वाक्य नेमकं पोचावं आणि पहिल्या रांगेतल्या बाईला मात्र वाटावं की उंदीर फिरला असेल. तिच्या जिवावर आमच्या पाद्रीबुवांनी तीन अंकी नाटकातला राजा पाठांतर न करता पार पाडला, आणि टाळ्या घेतल्या त्या त्यांनी.

दिवसा ती जे काम करायची तेही असंच. लेसवरचं फूल सगळ्यांना दिसतं. त्या फुलाच्या पाकळीत, पानाच्या पोटात दोऱ्याचा जो भराव असतो, त्याच्याकडे कोण बघतं? बुर्गी हे भराव बनवायची. दोरा एकाच रंगाचा, पण सुई कुठे खाली जाते यावर त्याच रंगात लाटा उठतात, खवले दिसतात, नांगरलेलं शेत दिसतं. तरुणपणी ती भल्यामोठ्या फळ्यावर सहापट मोठं चित्र लावून एकेक टाका टोचायची. पुढे संगणक आला. आता ती एक लहानसा चौकोन घ्यायची, त्यात सुईच्या जागा मांडायची आणि संगणक तो चौकोन फरशीसारखा पानभर पसरायचा. ऐकायला सोपं आहे. दोन ओळींतल्या सुईच्या जागा बरोबर एकाखाली एक आल्या तर नको तिथे पन्हळ पडते, आणि फार विस्कटल्या तर पान केसाळ दिसतं. ती म्हणायची, "रांगेत उभं राहायचं, पण शिपायांसारखं नाही. चर्चमध्ये उभं राहतात तसं. थोडं पुढे, थोडं मागे, थोडं शेजारणीकडे बघत."

आमच्या गावात निम्म्या घरांची आडनावं तीच पाच-सहा. म्हणून प्रत्येकाला एक टोपणनाव असतं आणि ते थडग्यापर्यंत सोबत करतं. बुर्गीचं नाव होतं शेवया-बुर्गी. हे नाव कसं पडलं ते सांगितल्याशिवाय पुढचा अंक सुरू होणार नाही.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. लागोसहून लेस घ्यायला बायका आमच्या गावात यायच्या, अजून येतात. त्यांच्याकडच्या लग्नात घरच्या साऱ्या बायकांनी एकाच कापडाचे कपडे घालायची रीत आहे, आणि ते कापड बरेचदा आमच्या गावचं असतं. अदुन्नी ओयेबांजी तेव्हा नव्यानेच धंद्यात पडली होती. तिची आई चटया विकायची. अदुन्नीने घरातल्या जुन्या चटईचा एक तुकडा कापून आणला आणि बुर्गीपुढे ठेवला. "बहिणी, अशी लेस करून दे. आई म्हणते, माझी लेक परक्यांची फुलं विकते. तिच्या अंगावर तिची चटई घालायची आहे मला."

बुर्गीने मन लावून केलं. एक चौकडी उभ्या टाक्यांची, शेजारची आडव्या टाक्यांची. पडद्यावर हुबेहूब चटई दिसली. आता आमच्याकडची लेस होते कशी, तर पाण्यात विरघळणाऱ्या कापडावर भरतकाम करायचं आणि सगळं गरम पाण्याच्या हौदात सोडायचं. कापड जातं, दोरा उरतो. ज्या टाक्यांनी एकमेकांचे हात धरलेले असतात ते टिकतात. बुर्गीच्या चौकड्या एकमेकींना अगदी चिकटून बसल्या होत्या, पण हात कुणी कुणाचा धरला नव्हता. हौदावर गेबहार्ड होता. त्याने काठी घातली, बाहेर आला दोऱ्याचा लगदा. त्याने तो उंच धरला आणि साऱ्या कारखान्याला ऐकू जाईल असा ओरडला, "शेवया झाल्या रे! चीज किसा कुणीतरी!" आमच्याकडे शेवया किसलेलं चीज घालूनच खातात.

झालं. त्या दिवसापासून शेवया-बुर्गी. पुढे उशिरा तिने लग्न केलं, तेव्हाही नवऱ्याच्या मित्रांनी घराच्या दाराला शेवयांचं तोरण बांधलं होतं. ती हसायची. नाव तिला लागत नव्हतं. तिला लागला होता तो चटईचा तुकडा. अदुन्नीने "राहू दे गं, फुलंच दे" म्हणून विषय संपवला, आणि पुढे काही वर्षांनी तिची आई गेली. चटई अंगावर न घालताच गेली. तो तुकडा मात्र बुर्गीच्या भिंतीवर राहिला.

आणि मग, ईस्टरला बुर्गी निवृत्त होणार त्या वर्षी, अदुन्नीचा निरोप आला: लेकीचं, तेमिलादेचं लग्न ठरलंय, सगळ्या घरासाठी कापड घ्यायला मी स्वतः येते आहे. चटईबद्दल एक अक्षर नव्हतं. ती विसरली असावी, किंवा चांगल्या माणसासारखी बोलली नसावी.

त्या संध्याकाळी बुर्गी माझ्याकडे आली आणि कोट न काढताच खुर्चीत बसली.

"लोरे, मला ती चटई करायची आहे."

"कर की."

"कर की म्हणे! इतकी वर्षं झोपले होते का मी? खालून जाळी घालून पाहिली. जाळी आतून दिसते. चटई वाटतच नाही, मासे पकडायला न्यावंसं वाटतं. या लग्नाला नाही जमली तर संपलं. ईस्टरनंतर माझ्या खुर्चीत दुसरं कुणी बसेल आणि तो तुकडा कचऱ्यात जाईल."

कारखान्याचा मालक एल्मार. त्याला बुर्गीने लंगोटात पाहिलेलं, त्यामुळे त्याचा मालकपणा तिच्यापुढे फारसा चालत नसे. पण माणूस वाईट नाही, घाबरट आहे. तो म्हणाला, "बुर्गी, अगं, नव्या प्रणालीत तयार भरावांची अख्खी पेटी आहे. त्यात टोपलीची वीण आहे. एक कळ दाबली की झालं, आणि हौदात सुटतही नाही."

"टोपलीत भाजी ठेवतात, पोरा. चटईवर माणूस बसतो."

"अदुन्नीबाई विमानाने येतायत. त्यांच्यापुढे मला शेवया वाढायच्या नाहीत."

"तुला कोण वाढायला सांगतंय? तू फक्त यंत्र दे."

एल्मारने मान खाजवली. शेवटी ठरलं असं, की टोपलीचा नमुना होणारच. बुर्गीचा जमला तर शेजारी ठेवायचा. नाही जमला तर कुणी नाव काढायचं नाही.

तेव्हा माझ्या घराची पश्चिमेची भिंत नव्याने मढवली जात होती. आमच्याकडे पाऊस पश्चिमेकडून आडवा मारतो, म्हणून त्या भिंतीवर लाकडाच्या छोट्या गोल कडांच्या चपट्या ठोकतात, माशाच्या खवल्यांसारख्या. सकाळपासून ठोकाठोक चालली होती. बुर्गी आली. मी मक्याच्या रव्याचा रिबेल भाजला होता. तिने दुधाच्या कॉफीत चमचाभर टाकला, तोंडाशी नेला आणि तिथेच थांबली. माझं घर काटकोनात वळतं, म्हणून खिडकीतून तिला भिंतीचा अर्धवट झालेला कोपरा दिसत होता.

"लोरे, ह्यांचे सांधे कुठे आहेत?"

"कुणाचे?"

"चपट्यांचे गं. दोन चपट्यांमधली फट कुठे गेली?"

"वरच्या चपटीखाली. नाहीतर पाणी नाही का शिरणार? लहान मूलही सांगेल."

"हो ना," ती म्हणाली. "लहान मूलच सांगेल. मी अशाच भिंतीच्या घरात जन्मले." चमचा कॉफीत तसाच उभा ठेवून ती निघून गेली. तिचा रिबेल मी खाल्ला. अन्न फुकट घालवायचं नाही, हे दौऱ्यावर शिकले.

तिने केलं ते एवढंच. चौकडीचे टाके हद्दीशी थांबवले नाहीत. शेजारणीच्या खाली थोडे सरकवले. शेजारणीचे पुढचीच्या खाली, पुढचीचे परत हिच्या खाली. वरून पाहिलं तर प्रत्येक चौकडी आपल्या घरात. आतून मात्र साऱ्याजणींनी एकमेकींच्या पदराला गाठी मारलेल्या. मग सुईच्या जागा. चटईची पात एकसारखी नसते, वाळताना कुठे आखडते, कुठे फुगते. भिंग डोळ्याला लावून ती त्या तुकड्याची एकेक पात बघायची आणि चौकोनातला एखादा ठिपका केसभर हलवायची. मी शेजारी बसून लिंबाच्या गोळ्या खायची. तासाभराने ती म्हणायची, "आता?" मी म्हणायची, "मघाशी होती तशीच आहे." ती म्हणायची, "म्हणूनच तू नटी झालीस."

पडद्यावर मात्र ते भयंकर दिसत होतं. जिथे टाके एकमेकांखाली गेले तिथे काळे पट्टे. एल्मार दारातून डोकावला आणि त्याचा चेहरा उतरला. "हे काय, कॉफी सांडल्यासारखं?"

"पडद्याला उजेड मागून येतो. कापडाला बाजूने येतो. थांब जरा."

ते ऐकून मला तिला मिठी मारावीशी वाटली. हेच वाक्य आमच्या प्रकाशवाल्याला समजावता समजावता माझे दोन दिग्दर्शक म्हातारे झाले होते.

आता हौदाचा प्रवेश. नमुना यंत्रावरून उतरला तेव्हा जेवणाची सुट्टी होती, म्हणजे सगळे मोकळे होते. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं, तरी हौदाभोवती नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला नसते एवढी गर्दी. गेबहार्ड अजून तिथेच होता, आता केस पांढरे आणि पोट पुढे. त्याच्या एका हातात जेवणाचा काटा आणि दुसऱ्या हातात किसलेल्या डोंगरी चीजचं पुडकं.

"मीठ घातलंस का पाण्यात?" त्याने विचारलं.

"तुझ्या तोंडात घालते. सोड पाण्यात."

"बुर्गी, अजून वेळ आहे. बटाट्याची कोशिंबीर पण आणू का?"

"सोड म्हणते ना!"

त्याने सोडलं. वाफ वर आली. बुर्गीचा चष्मा धुरकटला, पण तिने तो काढला नाही. मला वाटतं तिला दिसायला नकोच होतं. कापड विरघळताना आवाज होत नाही. मी विंगेत उभी राहून शेकडो वेळा प्रवेशाची वाट पाहिली आहे, पण इतकी लांब शांतता कुठल्या लेखकाने लिहिलेली माझ्या पाहण्यात नाही. गेबहार्डने काठी घातली, उचलली. काठीवरून पांढरी, ओली, सलग चटई लोंबत होती. त्याने एक कोपरा ओढला. मग दुसरा. मग, खोडच ती, दोन्ही हातांनी दणकून ओढला. एक टाकाही सुटला नाही.

गेबहार्डने हातातल्या काट्याकडे पाहिलं, चीजकडे पाहिलं. "मग आता मी जेवू काय?"

हशा असा उठला की यंत्र कोसळलं की काय म्हणून वरून हिशेबनीस धावत आला. बुर्गी चष्मा पुसत होती. बराच वेळ पुसत होती.

पण जिंकायचं होतं ते हौदाला नाही, अदुन्नीला. ती आली ती निळ्या झग्यात, डोक्याला जहाजाच्या शिडाएवढा फेटा बांधून. नमुने दाखवायला एल्मार मलाच बोलावतो. कापड अंगावर घेऊन चालायचं कसं ते या वयातही विसरलेले नाही.

"लोरेआई! अजून जिवंत आहेस?"

"तू लेस घ्यायची थांबलीस की मरेन म्हणते."

"मग तू अमर आहेस गं आई. माझ्या आणखी चार भाच्या लग्नाच्या आहेत."

एल्मारने आधी फुलं दाखवली. मग टोपलीची वीण माझ्या खांद्यावर टाकली. अदुन्नी म्हणाली, "बरी आहे." मग त्याने बुर्गीची चटई टाकली, काही न बोलता. दालनात छताला नळीचे दिवे. त्यांचा उजेड वरून सरळ पडतो आणि सगळ्यांना सारखंच फिकट करतो. त्या उजेडात चटई म्हणजे नुसतं जाड पांढरं कापड. अदुन्नीची नजर तिच्यावरून गेली, पुढे गेली, परत टोपलीवर आली. "हीच घेऊ या का? पिवळ्या रंगात, कोवळ्या कणसासारख्या?"

एल्मारने माझ्याकडे पाहिलं. मी बुर्गीकडे. ती माझ्या मागे, भिंतीला टेकून, नाटकात बसते तशीच अंग चोरून उभी होती. आणि मला ते कुजबुजणं ऐकू आलं, नेमकं माझ्यापुरतं.

"खिडकी. वळ. हळू."

मी वळले. राणीच्या चालीने तीन पावलं खिडकीकडे गेले. बांधावरून दुपारचा उजेड आडवा येत होता. त्याने कापडाला स्पर्श केला आणि पात न् पात उठून उभी राहिली. इथे आखडलेली, तिथे फुगलेली. माझ्या खांद्यावर पाहता पाहता चटई आली. मला स्वतःला दिसत नव्हती, पण समोरच्या चेहऱ्यावर दिसली. नटाला तेवढं पुरतं.

अदुन्नी बोलत होती ती मध्येच थांबली. उठून जवळ आली. डोळ्यांत पाणी वगैरे काही नाही. ती व्यापारी बाई. तिने कापड उलटं करून पाहिलं, ताणून पाहिलं. मग अंगठ्याचं नख त्याच्यावरून आडवं फिरवलं. खर्रर्र असा बारीक आवाज आला. तिने परत फिरवलं.

"आई अशीच नख फिरवायची," ती म्हणाली. "आवाज आला नाही तर चटई विणणारीला परत. दारातून ओरडायची, बाई, ही चटई मुकी आहे, बोलती घेऊन ये." तिने बुर्गीकडे मान वळवली. "तुझ्याकडे तो तुकडा अजून आहे?"

"वर आहे. टेबलासमोर."

"आणि इतकी वर्षं मला बोलली नाहीस?"

"काय बोलणार? शेवया झाल्या होत्या."

अदुन्नीला शेवयांची गोष्ट ठाऊक नव्हती. एल्मारने सांगितली, हावभावांसकट, काट्यासकट. ती इतकी हसली की फेटा कलला. मग तो नीट करत म्हणाली, "ही. पिवळ्या रंगात. लागोसच्या आणि आमच्या मूळ मुलखातल्या, इजेबूच्या सगळ्या बायकांना. नवरदेवाकडच्यांना ती टोपली दे."

आमच्या कारखान्यात नवा भराव मंजूर झाला की करणारीने त्याला नाव ठेवायचं, अशी पद्धत आहे. बुर्गीने आधी काही ठेवलंच नव्हतं. खालून गेबहार्ड ओरडला, "शेवया!" सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "तेच ठेवा. आता हौदात पडून आलंय, नाव पचेल." नव्या प्रणालीतल्या तयार भरावांच्या पेटीत, टोपलीच्या खालोखाल, आज ते त्याच नावाने आहे. तिच्या खुर्चीत बसणारी मुलगी तो भराव वापरते आणि नाव असं का, म्हणून विचारते. तेव्हा गेबहार्ड काटा आणायला जातो.

बुर्गी ईस्टरला निवृत्त होऊन घरी बसली. आता आमची बैठक तिच्या स्वयंपाकघरात असते. तिच्या टेबलावर संगणक नाही. एक कुंडी आहे आणि भिंतीवर टाचणीने तोच तुकडा. अदुन्नीने तो परत मागितला नाही. उन्हाळ्यात तिचं जाड पाकीट आलं, तेव्हा मी तिथेच होते. आत लग्नाचा फोटो, ताटाएवढा मोठा. मधोमध तेमिलादे आणि तिचा नवरा, आणि भोवती पायऱ्यांवर चार रांगांत बायकाच बायका. म्हाताऱ्या, पोरी, कडेवर लेकरं घेतलेल्या, सगळ्या कणसाच्या रंगात. ऊन डावीकडून येत होतं. मला तर रडूच आलं. मला येतंच, धंद्याची सवय.

बुर्गीने फोटो टेबलावर ठेवला. खणातून भिंग काढलं. पहिल्या रांगेच्या टोकापासून सुरुवात केली आणि एकेका बाईवरून, एकेका बाहीवरून सरकत गेली. चेहऱ्यांकडे तिने पाहिलं की नाही, शंका आहे. मी कॉफी ओतली. ती गार झाली. तिसऱ्या रांगेत, टोकाला, एका लठ्ठ, खूप हसणाऱ्या बाईपाशी भिंग थांबलं. बुर्गी वाकली, आणखी वाकली, मग पाठ टेकून बसली आणि तिच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की मी कप खाली ठेवला.

"काय झालं गं?"

"हिने उलट्या बाजूने शिवलंय. आणि बघ, तरी चटईच दिसते."